दुरुस्तीनंतर हीट पंप सुरूच होत नाही, बोर्ड बदलायचा का? (लातूर)

मांजराकाठ – रविवार, रात्री ९.५०

नमस्कार. मी लातूरला औसा रोडच्या बाजूला राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. वरच्या मजल्यावर चौदा मुली भाड्याने राहतात, सगळ्या 'नीट'ची तयारी करणाऱ्या. त्यांच्या आंघोळीसाठी गच्चीवर ५०० लिटरची टाकी आणि तिला जोडलेला, पाणी तापवणारा हीट पंप आहे, थ्री फेजवर चालणारा. चार वर्षं त्याची काही तक्रार नव्हती.

दिवाळीच्या आधी तो बंद पडला, जळका वास आला होता. मेकॅनिकने पाहून सांगितलं, काँटॅक्टर (मशीनची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) जळालाय. मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड काढून दुकानात नेला, आठ दिवसांनी आणून बसवला, काँटॅक्टर नवा टाकला, शिवाय 'गॅस पण कमी होता' म्हणून मशीनमधला गॅस (फ्रिजमध्ये असतो तसला) भरला. काम झालं तेव्हा लाइट नव्हती, म्हणून चालवून बघता आलं नाही. मी पैसे दिले, ते गेले. लाइट आल्यावर बटण दाबलं तर डिस्प्ले लागतो, पाणी २१ अंश दाखवतो आणि लगेच एरर येतो. ना पंखा फिरतो, ना पाणी फिरवणारा छोटा पंप.

फोन केला तर म्हणाले, बोर्ड परत गेला असेल, आता नवाच टाकावा लागेल. जी किंमत सांगितली ती माझ्या अर्ध्या पेन्शनएवढी आहे.

सध्या अंगणात तांब्याचा बंब पेटवतेय. मुली पहाटे चारला उठतात. एक बंब ऊन पाणी इसण घालून तिघींना पुरतं, चौथीला परत सरपण घाला, परत वाट बघा. आज एकीने घाईत गार पाण्यानेच डोकं धुतलं आणि संध्याकाळी अंगात कणकण. त्यांच्या आईवडिलांनी विश्वासाने पोरी माझ्याकडे ठेवल्यात, मला हे बघवत नाही.

बोर्ड घेऊ का? की आधी आणखी काही तपासायचं असतं? माझ्याकडे टेस्टर आणि साधा मल्टीमीटर आहे.

---

गारवा_परभणी – रविवार, रात्री १०.३५

ताई, बोर्ड घेऊ नका. निदान दोन दिवस तरी नको.

मी फ्रिज-एसीचं काम वीस वर्षं करतोय, हीट पंप गेली सहा-सात वर्षं. बोर्ड खरंच गेला असेल तर बहुतेक वेळा डिस्प्लेच लागत नाही, नाहीतर वेडंवाकडं काहीतरी दाखवतो. तुमचा डिस्प्ले लागतो, तापमान बरोबर दाखवतो आणि मग एरर देतो. म्हणजे बोर्ड शुद्धीवर आहे, त्याला काहीतरी खटकतंय म्हणून तो पुढे जात नाही.

दुसरं असं की आधी का बंद पडला आणि आता का सुरू होत नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुरुस्तीनंतर मशीन सुरू होत नसेल तर ज्या ज्या ठिकाणी हात लागला, त्या त्या ठिकाणी आधी जायचं. तुमच्याकडे तीन ठिकाणी हात लागलाय: काँटॅक्टरच्या वायरी, बोर्डाचे कनेक्टर आणि गॅस.

मला एवढं सांगा. मेन चालू केल्यावर एरर किती वेळाने येतो? लगेच, की दोन-तीन मिनिटांनी? 'टक्' असा रिलेचा (बोर्डावरच्या छोट्या स्विचचा) आवाज येतो का? आणि पॅनेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला वायरिंगचा कागद चिकटवलेला असतो, त्यावर एररचे अर्थ असतात. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे, म्हणून दुसऱ्या मशीनचा तक्ता लावू नका. झाकण उघडण्याआधी एमसीबी खाली करा.

---

बिंदुसरा – रविवार, रात्री ११.१०

गॅस भरलाय ना, मग प्रेशर स्विच अडकला असणार. त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाका, चालू होतो. आमच्या लॉजवर असंच करून दोन हिवाळे काढलेत.

---

गारवा_परभणी – रविवार, रात्री ११.२५

बिंदुसरा भाऊ, राग मानू नका, पण हा सल्ला इथे नको. ताईंच्या गच्चीवर चौदा लेकरं कपडे वाळत घालायला जातात. या मशीनमध्ये बहुधा आर ४१०ए गॅस आहे, त्याचा दाब जुन्या आर २२ च्या दीडपट असतो. दाब हाताबाहेर गेला तर मशीन थांबवायला तोच एक स्विच आहे. तो जोडून टाकला की पुढचा कमजोर दुवा म्हणजे पाइप किंवा गॅस दाबणारा कॉम्प्रेसर. तुमचे दोन हिवाळे निघाले हे नशीब. तुमच्याही लॉजवर तो स्विच परत लावून घ्या, मनापासून सांगतोय.

---

बिंदुसरा – सोमवार, सकाळी ७.०५

इतका विचार केला नव्हता. माणूस बोलावतो.

---

मांजराकाठ – सोमवार, दुपारी १.२०

झाकण उघडलं. कागद उन्हाने विटून पिवळा पडलाय, निम्मी अक्षरं गेलीत. पण आमच्या डिस्प्लेवर येणाऱ्या आकड्यासमोर 'फेज' एवढा शब्द वाचता येतो, त्यापुढचं पुसलंय.

एरर मेन चालू केल्यावर दोन सेकंदांत येतो. 'टक्' नाही. मी कान लावून तीनदा ऐकलं.

वायरमनचं काम करणारा शेजारचा मुलगा म्हणाला, एखादी फेज गेली असेल. पण आमची बोअरची मोटर त्याच मीटरवर थ्री फेजवरच चालते, आणि आज सकाळीच तिने टाकी भरली. मग फेज गेली कशी म्हणायची?

---

औशाचा_शेतकरी – सोमवार, दुपारी २.४५

ताई, फेज गेली नसंल, फेज उलटी झाली असंल. ह्या गोष्टीचा आम्हाला लई अनुभव हाय.

दोन वर्षांमागं आमच्या डीपीवर काम झालं. दुसऱ्या दिवशी बोअरची मोटर चालू केली तर आवाज बरोबर, अँपिअरचा आकडा बरोबर, पण पाणी अर्धं बी येईना. मी म्हणलं बोअर आटला. दोन दिवस जीव खाली-वर. मग गावातला वायंडिंगवाला आला, स्टार्टरमधल्या दोन वायरी अदलाबदल केल्या आणि पाणी आलं की धो धो. मोटर उलटी फिरायली होती. थ्री फेजच्या कोणत्याबी दोन वायरी बदलल्या की मोटर उलटी फिरती, तिसरीला हात लावायचा नाही.

आता तुमची बोअरची मोटर नीट पाणी द्यायली म्हणजे मीटरपर्यंत फेजचा क्रम बरोबर हाय. घोळ तिथून पुढं, मशीनच्या पेटीत. काँटॅक्टर बदलला म्हणल्यावर वायरी खोलल्याच असणार.

---

गारवा_परभणी – सोमवार, दुपारी ३.१५

शेतकरी दादांनी नेमकं सांगितलं. मलाही तोच संशय आहे.

थ्री फेजच्या हीट पंपात बहुतेक स्क्रोल कॉम्प्रेसर असतो. तो एकाच दिशेने फिरायला बनवलेला. उलटा फिरला की गॅस दाबला जात नाही, नुसता खडखडाट होतो आणि तसाच चालत राहिला तर आतून घासून खराब होतो. म्हणून बोर्डावर फेजचा क्रम बघणारं सर्किट असतं. क्रम चुकला किंवा एक फेज नसली की ते रिलेला हातच लावू देत नाही. दोन सेकंदांत एरर आणि 'टक्' नाही, हे त्याला पक्कं जुळतं.

---

गोदातीर – सोमवार, सायंकाळी ६.३०

नांदेडहून. इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे, त्यामुळे थोडं सुरक्षेचं.

ताई, हे ४१५ व्होल्ट आहे. टेस्टर घेऊन स्वतः करू नका, लायसन्सवाला वायरमन बोलवा आणि तुम्ही जवळ उभ्या राहा. आधी मशीनच्या येणाऱ्या टर्मिनलवर मोजायला सांगा: फेज ते फेज तिन्ही जोड्या ४१५ च्या आसपास, फेज ते न्यूट्रल २४० च्या आसपास. एखादी जोडी खूप कमी दाखवत असेल तर वायर ढिली किंवा फेज नाही. तिन्ही ठीक असतील तरच क्रमाचा विचार. फेज सिक्वेन्स मीटर असेल तर एका मिनिटात कळतं.

वायरींच्या रंगावर विसंबू नका. लाल-पिवळा-निळा हा क्रम कागदावर असतो. गच्चीपर्यंत केबल नेताना मध्ये जोड दिला असेल तर तिथे रंग बदललेले मी कितीदा पाहिलेत. नवा माणूस 'रंगाप्रमाणे' लावतो आणि तिथेच चूक होते.

आणि महत्त्वाचं: अदलाबदल करायची ती येणाऱ्या वायरींची. काँटॅक्टरमधून कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या वायरी बोर्डाला दिसत नाहीत. तिथे क्रम चुकला तर बोर्ड गप्प राहील आणि कॉम्प्रेसर उलटा फिरेल. दोन्ही बाजू तपासा.

---

मांजराकाठ – मंगळवार, सायंकाळी ५.४०

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. सविस्तर लिहिते.

काल रात्री आठवलं की चार वर्षांपूर्वी मशीन बसवलं तेव्हा मुलाने पेटीच्या आतले फोटो काढून मला पाठवले होते, वॉरंटीसाठी. जुन्या फोनमध्ये शोधले, सापडले. आज वायरमन आला तेव्हा तो फोटो मोठा करून पेटीसमोर धरला. जुन्या फोटोत येणाऱ्या बाजूला डावीकडून लाल, निळी, पिवळी. आता होती लाल, पिवळी, निळी. म्हणजे मशीन बसवणाऱ्याने केबलमधल्या जोडामुळे मुद्दाम निळी मध्ये घेतली असणार, आणि दुरुस्त करणाऱ्याने रंग बघून 'नीट' लावली. गोदातीर सर, तुम्ही लिहिलेलं शब्दशः तसंच निघालं. कॉम्प्रेसरकडच्या वायरी फोटोप्रमाणेच होत्या, त्यांना हात लावला नाही.

व्होल्टेज ४०८, ४११, ४०५. मेन बंद केला, दहा मिनिटं थांबलो, वायरमनने परत मोजून खात्री केली आणि पिवळी-निळी बदलली.

मेन चालू केला. एरर आला नाही! माझे हात थरथरत होते. पंपाचा घूं घूं आवाज सुरू झाला. मग साधारण चाळीस सेकंदांनी पंप थांबला आणि नवा एरर आला. हा आकडा कागदावर आहेच, पुढे 'फ्लो' असं दिसतं.

---

गारवा_परभणी – मंगळवार, सायंकाळी ६.०५

छान झालं. मशीन आता एक पायरी पुढे आलंय. आधी फेज बघितली, मग पंप लावला, आता पाणी फिरतंय का ते बघतंय. पाणी फिरत नसेल तर कॉम्प्रेसर सुरू करणार नाही, कारण गॅसची उष्णता न्यायला कोणी नसेल तर दाब चढतो.

पंप सिंगल फेजवर असतो, त्याचा क्रमाशी संबंध नाही. दुरुस्तीच्या वेळी पाणी काढलं होतं का? काढलं असेल तर पंपात हवा अडकलेली असू शकते. पंपाच्या तोंडावरचा मधला मोठा स्क्रू थोडा ढिला करा, फुस्स करून हवा जाईल, पाणी यायला लागलं की घट्ट करा. दोन्ही बॉल व्हॉल्व्हचे दांडे पाइपाच्या रेषेत आहेत ना बघा, आडवे म्हणजे बंद. त्यानंतर गाळणी, म्हणजे पंपाच्या आधीची वाय आकाराची पितळी गाळणी. आणि शेवटी फ्लो स्विच, म्हणजे पाणी वाहतंय का ते बघणारा. त्याच्या अंगावर बाण असतो, तो पाणी वाहतं त्याच दिशेला हवा.

पाणी कुठलं वापरता?

---

मांजराकाठ – मंगळवार, सायंकाळी ६.२०

बोअरचं. नळाचं मांजरा धरणाचं पाणी येतं, पण ते पिण्यापुरतं साठवते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांचा हात धरणाच्या पाण्याला आंघोळीसाठी अजूनही जात नाही.

बोअरचं पाणी दुष्फेन आहे. वर्गात मुलांना दाखवायचे, साबणाचा फेस होत नाही तो प्रयोग. तेव्हा तपासून घेतलं होतं, कठीणपणा लिटरला ६४० मिलिग्रॅम निघाला होता.

---

गोदातीर – मंगळवार, सायंकाळी ७.१५

६४०! भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये २०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त ६०० अशी पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे. मशीनला याचा त्रास माणसापेक्षा जास्त होतो. पाणी तापलं की क्षार सुटतात आणि जिथे सर्वात गरम तिथेच बसतात, म्हणजे मशीनच्या कॉइलमध्ये, जिथे गॅसची उष्णता पाण्याला मिळते.

---

स्टीलनगरी – मंगळवार, रात्री ९.००

जालन्याहून वाचतोय. ताई, एक शंका. एवढा खटाटोप करण्यापेक्षा सोलर का नाही लावला? आणि विजेचा गीझर काय वाईट? स्वस्तात होतो.

---

मांजराकाठ – मंगळवार, रात्री ९.४०

सोलर आधी होता. त्याच्या नळ्या तीन वर्षांत क्षाराने पांढऱ्या झाल्या, आणि शेजारी उंच इमारत झाल्यावर हिवाळ्यात दुपारनंतर गच्चीवर ऊन राहत नाही.

गीझरचा हिशोब मी मुलींनाच घालते, उष्णतेच्या धड्यासाठी चांगला आहे. ५०० लिटर पाणी २१ वरून ५५ अंशांवर न्यायचं म्हणजे ३४ अंश. ५०० गुणिले ३४ म्हणजे १७,००० किलोकॅलरी. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणजे गीझरला जवळजवळ २० युनिट लागणारच, त्यातून सुटका नाही. हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून पाण्यात टाकतो. एका युनिटमागे तीन युनिटांइतकी उष्णता धरली तर तेच काम ७ युनिटच्या आत. रोजचे १३ युनिट वाचतात, हिवाळाभर धरा.

---

मांजराकाठ – बुधवार, दुपारी ४.१०

आज गाळणी उघडली. वायरमनचा भाऊ प्लंबर आहे, तो आला होता.

आधी हवा काढली, फार नव्हती. व्हॉल्व्ह उघडेच होते. मग गाळणीचं टोपण पान्याने सोडवलं आणि आतली जाळी बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवली. जाळी दिसतच नव्हती. वरून पांढऱ्या पापुद्र्यांचा थर, अंड्याच्या कवचासारखे तुकडे, बोटाने दाबले की कर्र करून मोडणारे. त्यात पांढऱ्या टेपचा एक लांब धागा गुंडाळलेला, दोऱ्याच्या गुंत्यासारखा. तो टेप प्लंबिंगचा. दुरुस्तीत पंपाचा सांधा सोडला असणार आणि नवा टेप लावताना जुना आत गेला.

फ्लो स्विचही काढला. बाण बरोबर होता, पण आतली पट्टी बोटाने हलवली तर अर्ध्यात अडकत होती. बिजागरीत क्षार. किराणा दुकानातून लिंबूसत्त्व आणलं, कोमट पाण्यात घालून स्विचचा धातूचा भाग तेवढाच बुडवला, वायरीचा भाग वर धरून. बारीक बुडबुडे येत राहिले आणि अर्ध्या तासात पट्टी सुटी झाली. जोडून मल्टीमीटर लावला: पट्टी ढकलली की बीप, सोडली की शांत.

सगळं बसवून मेन चालू केला. पंप सुरू झाला. एक मिनिट. दोन मिनिटं. तिसऱ्या मिनिटानंतर 'टक्' आला आणि कॉम्प्रेसर सुरू झाला! पंखाही फिरला. वरच्या मुली गॅलरीत येऊन टाळ्या वाजवायला लागल्या.

बारा मिनिटं चालला. मग बंद. तिसरा एरर, समोर 'एचपी'. मी ओट्यावर बसून राहिले थोडा वेळ.

---

गारवा_परभणी – बुधवार, दुपारी ४.४०

ताई, धीर सोडू नका. आता सुरू न होण्याचा प्रश्न संपला. आता मूळ प्रश्न समोर आलाय, दिवाळीआधी का बंद पडला तो.

एचपी म्हणजे दाब जास्त झाला. घाईने परत परत चालू करू नका. एक आठवून सांगा: जळका वास येण्याआधी काही दिवस मशीन कसं चालत होतं? आणि बंद होण्याआधी पाणी आत जातानाचं आणि बाहेर येतानाचं तापमान डिस्प्लेवर दिसलं का?

---

मांजराकाठ – बुधवार, सायंकाळी ५.१५

आत ३४, बाहेर ४७ दिसलं होतं, मी लिहून ठेवलं होतं. टाकीतलं पाणी सकाळच्या बंबातलं थोडं ओतल्याने आधीच कोमट होतं.

आणि तुम्ही विचारल्यावर लख्ख आठवलं. दसऱ्यापासून मशीन सारखं लागायचं-बंद व्हायचं. दुपारी स्वयंपाकघरात बसलं की वरून टक्, थोड्या वेळाने परत टक्. पाणी तापायला रात्र व्हायची. मला वाटलं वय झालं मशीनचं.

---

गारवा_परभणी – बुधवार, सायंकाळी ५.५०

सगळं जुळलं. काँटॅक्टर आपोआप जळत नाही. दिवसात पन्नास वेळा टक्-टक् केलं की त्याचे पॉइंट जळतात.

आत-बाहेरचा फरक ५ अंशांच्या आसपास हवा. तुमचा १३ आहे. तुमच्या क्षमतेचं मशीन तासाला साधारण ८,६०० किलोकॅलरी देतं. ५ अंशांच्या फरकाने ती उचलायला मिनिटाला २८-२९ लिटर पाणी फिरलं पाहिजे. १३ अंशांचा फरक म्हणजे मिनिटाला ११ लिटरच फिरतंय. फ्लो स्विच तेवढ्यावर खूश होतो, पण कॉइलची उष्णता निघत नाही, दाब चढतो आणि एचपीचा एरर येतो. गाळणी साफ केल्यावरही हे होतंय म्हणजे कॉइल आतून क्षाराने भरलीय.

दुसरा संशय गॅसचा. कोणी 'गॅस कमी होता' म्हणालं की मी पहिलं विचारतो, गळती कुठे सापडली? गॅस वापरून संपत नाही. बंद नळीत फिरत असतो, वर्षानुवर्षं तेवढाच राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी छिद्र आहे, आणि छिद्र सापडलं नसेल तर तो कमी नव्हता. मग वरून भरलेला जास्तीचा गॅसही दाब वाढवतो. मशीनच्या पाटीवर गॅसचं वजन लिहिलेलं असतं. काट्यावर मोजून भरणारा माणूस बोलवा, अंदाजाने भरणारा नको. आर ४१०ए दोन गॅसचं मिश्रण आहे, सिलिंडरमधून तो द्रवरूपातच भरायचा असतो.

क्रम असा ठेवा: आधी कॉइल धुवा, मग गॅस. उलटं केलं तर दाबाचं माप फसवं येईल.

---

बिंदुसरा – बुधवार, सायंकाळी ६.३०

कॉइल धुवायला संडासचं ॲसिड चालतं का? आमच्याकडे पडून आहे.

---

गोदातीर – बुधवार, सायंकाळी ६.४५

नाही. ते हायड्रोक्लोरिक असतं, स्टेनलेस स्टीलला खाऊन छिद्रं पाडतं. लिंबूसत्त्वच वापरा, लिटरला ५० ग्रॅम, कोमट पाण्यात. टाकीकडचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून, बादली आणि कूलरचा छोटा पंप लावून फक्त कॉइलमधून दोन तास फिरवा. चष्मा आणि हातमोजे घाला.

---

मांजराकाठ – शनिवार, रात्री ८.२०

तीन दिवस लिहिलं नाही, कारण काम पुरं झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

गुरुवारी कॉइल धुतली. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो लिंबूसत्त्व. पहिल्या पाच मिनिटांत बादलीत फेस आला, सोड्याच्या बाटलीसारखा. पाणी आधी दुधी झालं, मग मातकट. तासाभराने बुडबुडे थांबले तेव्हा ते पाणी टाकून नवं द्रावण घातलं, परत बुडबुडे आले. तिसऱ्यांदा आले नाहीत. मग साध्या पाण्याने धुतलं आणि निळा लिटमस लाल व्हायचा थांबेपर्यंत धूत राहिले. शाळेतून आणलेली जुनी पट्टी होती, कामाला आली.

शुक्रवारी उदगीरहून दुसरे मेकॅनिक आले, काटा घेऊन. त्यांनी सगळा गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून मोजला: २ किलो २५० ग्रॅम. पाटीवर लिहिलंय १ किलो ९००. साडेतीनशे ग्रॅम जास्त! नायट्रोजन भरून रात्रभर ठेवला, दाबाच्या मीटरचा काटा तसूभर हलला नाही. गळती नाहीच. सकाळी व्हॅक्यूम करून मोजून १ किलो ९०० भरला.

आज दुपारी २ वाजता मशीन लावलं. मी आणि दोन मुली वही घेऊन समोर बसलो. आत २१, बाहेर २६. फरक पाच! पुढे ३०-३५, ४०-४५, फरक तसाच राहिला. तिन्ही फेजवर ४.५ ते ४.७ ॲम्पिअर. ४ वाजून २५ मिनिटांनी ५५ अंश झाले आणि मशीन स्वतःहून थांबलं. एकही एरर नाही. सबमीटरवर ७.१ युनिट.

आज संध्याकाळी ज्या मुलीला ताप आला होता तिनेच पहिली आंघोळ केली. बाथरूमच्या दाराखालून वाफ येत होती, ती मी जिन्यात उभी राहून बघितली.

आधीच्या मेकॅनिकलाही फोन केला. भांडायला नाही, जुना फोटो पाठवायला. ते स्वतःहून आले, पेटी बघितली, आणि जास्तीच्या गॅसचे आणि बोर्ड दुरुस्तीचे पैसे परत करतो म्हणाले. बोर्डात बहुधा काही नव्हतंच, असं त्यांनीच कबूल केलं. मला त्यांचा राग राहिला नाही.

---

गारवा_परभणी – शनिवार, रात्री ८.५५

ताई, तुमची वही आमच्या पोरांना दाखवावी अशी आहे. आता दोन कामं. टायमर लावून मशीन दुपारी १ ते ४ चालवा. पहाटेच्या थंड हवेपेक्षा दुपारच्या हवेत उष्णता जास्त असते, वीज कमी लागते, आणि टाकीला उष्णता धरून ठेवणारा कोट आहे, पहाटेपर्यंत दोन-तीन अंशच उतरतील. दुसरं, आत-बाहेरचा फरक आठवड्यातून एकदा लिहून ठेवा. तो आठ-नऊच्या वर जायला लागला की लिंबूसत्त्व आणायची वेळ झाली. एचपीचा एरर यायची वाट बघू नका.

---

स्टीलनगरी – शनिवार, रात्री ९.३०

ताई, आमच्याही पेटीचे फोटो आज काढून ठेवले, वायरी दिसतील असे. गाळणी किती दिवसांनी उघडायची?

---

मांजराकाठ – शनिवार, रात्री ९.४५

आत्ता कॉइल धुतल्यावर सुटे पापुद्रे अजून येत राहतील असं उदगीरचे मेकॅनिक म्हणालेत, म्हणून पहिल्यांदा पंधरा दिवसांनी उघडणार आहे. नंतर दर दोन महिन्यांनी. उघडली की जाळीचा फोटो इथेच टाकते.